विरोधी बाक ओस का पडले?

काम व्हायचे असेल तर सत्तेतला माणूस निवडून द्यावा, हा उपदेश पिंपरी, चिंचवड, भोसरी, चाकण या आपल्या कारखानदारीच्या पट्ट्यात इतका रुळला आहे की तो ऐकताना आपल्याला त्यात वावगे असे काही वाटतच नाही. नळाला पाणी हवे, गल्लीतला खड्डा बुजवून हवा, मुलाला कंपनीत चिकटवायचे आहे, दफनभूमीला कुंपण घालून हवे आहे. मग विरोधी पक्षाच्या उमेदवाराला मत देऊन ते वाया का घालवायचे, असा हा हिशेब. शिकलीसवरलेली माणसे तो मांडतात, रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात उभी राहून मांडतात, आणि ऐकणारा मान डोलावतो. माझे म्हणणे असे, की हा हिशेब चुकीचा आहे. इतकेच नव्हे, तर महाराष्ट्राच्या विधानसभेपासून आपल्या महापालिकेपर्यंत विरोधी बाक आज जे ओस पडले आहेत, त्यात या हिशेबाचा वाटा पुढाऱ्यांच्या लोभाइतकाच मोठा आहे.

आधी आपल्या घरचेच उदाहरण घेऊ. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी ही गावे एकत्र करून १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली तिची महानगरपालिका झाली आणि १९८६ साली पहिली निवडणूक झाली. पुढे २००२ ते २०१७ ही पंधरा वर्षे शहरावर राष्ट्रवादी काँग्रेसचे राज्य होते. २०१२ च्या निवडणुकीत १२८ पैकी ८३ जागा त्या पक्षाला मिळाल्या, तर भारतीय जनता पक्षाला अवघ्या ३. पाच वर्षांनी, २०१७ साली, भाजपला ७७ आणि राष्ट्रवादीला ३६. आकडे पाहून कुणाला वाटेल की पाच वर्षांत एका लहानशा विरोधी पक्षाने घाम गाळला, सभागृहात प्रश्न विचारून सत्ताधाऱ्यांना भंडावून सोडले, वस्त्यावस्त्यांतून संघटना बांधली आणि लोकांनी त्याच्या गळ्यात माळ घातली. तसे झाले असते तर लोकशाहीचा तो गौरवच ठरला असता. प्रत्यक्षात झाले ते असे, की २०१४ साली दिल्लीतले आणि मुंबईतले वारे फिरल्यावर शहरातली वजनदार मंडळी आपापले गोतावळे घेऊन एका तंबूतून दुसऱ्या तंबूत गेली. कालचा सत्ताधारी आजही सत्ताधारीच राहिला, बदलला तो फक्त त्याच्या गळ्यातल्या उपरण्याचा रंग. मतदाराने सत्तांतर केले असे वर्तमानपत्रांनी लिहिले. सत्तांतर झाले ते मतदानाच्या कितीतरी आधी, बंद दाराआड.

आणि मग विरोधात बसले ते कोण? पंधरा वर्षे ज्यांनी ठेके दिले, तेच आता ठेक्यांचा जाब विचारायला उभे. ज्या फायलीवर आपली जुनी सही आहे ती फाइल उघडा असे कुणी कशाला म्हणेल? महानगरपालिकेच्या कायद्यात विरोधी पक्षनेत्याला मानाचे स्थान आहे. पण २०१७ ते २०२२ या एका मुदतीत त्या खुर्चीवर एकापाठोपाठ चार जण बसवले गेले. वर्षभर तू, मग मी, अशी पंगतीतली वाढ. अंदाजपत्रक समजून घ्यायलाच जिथे एक वर्ष लागते, तिथे वर्षाच्या पाहुण्याने पाळत ती काय ठेवावी! ऑगस्ट २०२१ मध्ये लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने पालिकेच्या स्थायी समितीच्या अध्यक्षांना अटक केली. आरोप खरा की खोटा हे न्यायालय पाहील. मला बोचते ते एवढेच, की ती कारवाई एका ठेकेदाराच्या तक्रारीवरून झाली. ज्या समितीत विरोधी पक्षाचे सदस्यही आठवड्यामागून आठवडे मांडीला मांडी लावून बसत होते, तिच्यातला एखादा सदस्य बोलला म्हणून ती झालेली नाही.

मार्च २०२२ मध्ये त्या सभागृहाची मुदत संपली. राज्यघटनेचे कलम २४३-यू स्पष्ट सांगते की नगरसंस्थेची मुदत पाच वर्षे, त्याहून अधिक नाही, आणि मुदत संपण्यापूर्वी पुढची निवडणूक झाली पाहिजे. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद, प्रभागरचनेचा घोळ आणि न्यायालयातल्या तारखा यांत जवळजवळ चार वर्षे गेली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, तेव्हा कुठे जानेवारी २०२६ मध्ये मतदान झाले. या चार वर्षांत महासभेचे आणि स्थायी समितीचे सगळे अधिकार एकट्या प्रशासकाच्या हाती होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखली-कुदळवाडीतली चार हजारांहून अधिक बांधकामे, भंगाराची गोदामे नि लहानमोठे कारखाने काही दिवसांत जमीनदोस्त झाले. त्यातली किती बेकायदा होती याविषयी मी इथे वाद घालत नाही. बहुतेक असतीलही. पण ती इतकी वर्षे कुणाच्या डोळ्यांदेखत उभी राहिली, तिथे पोट भरणाऱ्या कामगारांचे पुढे काय, नोटिशीची मुदत पुरेशी होती का, हे प्रश्न विचारायला शहरात एक सभागृह असायला हवे होते आणि त्या सभागृहात एक विरोधी बाक असायला हवा होता. दोन्ही नव्हते. शहराच्या नव्या विकास आराखड्याचा मसुदाही याच काळात जाहीर झाला. हजारो नागरिकांनी हरकती लिहून दिल्या, प्रत्येकाने आपापल्या एकट्या जिवानिशी.

जानेवारी २०२६ च्या निवडणुकीत भाजपने पुन्हा स्पष्ट बहुमत मिळवले आणि राष्ट्रवादी काँग्रेस दुसऱ्या क्रमांकावर राहिली. प्रचारात या दोन पक्षांनी एकमेकांवर भ्रष्टाचाराचे जहाल आरोप केले. गंमत अशी, की हे आरोप करणारे नि झेलणारे दोघेही तेव्हा मुंबईत एकाच मंत्रिमंडळात शेजारी शेजारी बसत होते. चिंचवडच्या चौकात शत्रू आणि मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावर सखे, अशा माणसाला विरोधक म्हणायचे की कुटुंबातला रुसलेला भाऊ म्हणायचे, हे वाचकांनीच ठरवावे.

हा प्रश्न नुसत्या नामाभिधानाचा नाही, हे मावळच्या लोकांना विचारा. पवना धरणाचे पाणी बंद नळाने पिंपरी-चिंचवडला आणण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी शेतकरी द्रुतगती मार्गावर उतरले, पोलिसांनी गोळीबार केला आणि तिघांचा जीव गेला. त्या वेळी राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीचे सरकार होते. भाजप आणि शिवसेना विरोधात होत्या. त्यांनी विधिमंडळात तो विषय लावून धरला, सरकारला धारेवर धरले आणि योजनेला स्थगिती मिळाली. विरोधी पक्ष म्हणजे काय, याचा तो धडा होता. मग बारा वर्षे लोटली. २०२३ च्या सप्टेंबरात शासनाने ती स्थगिती उठवली. आता नीट पाहा: २०११ साली ज्यांच्या राजवटीत गोळी चालली त्यांतले बडे नेते आणि त्या गोळीविरुद्ध ज्यांनी रान उठवले ते नेते २०२३ साली एकाच सरकारात होते. शहराला पाणी हवे हे खरेच आहे. आपल्याच घरांतले नळ दिवसाआड वाहतात, आणि ही योजना कदाचित आवश्यकही असेल. परंतु त्या तिघांच्या घरच्यांची बाजू सभागृहात मांडण्याचे ज्याच्यावर बंधन आहे असा राज्यातला मोठा पक्ष शिल्लक किती राहिला? फिर्यादी आणि आरोपी यांनी भागीदारी केली की खटला आपोआप निकालात निघतो.

२२ डिसेंबर १९५२ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर पुण्यात, जिल्हा विधी ग्रंथालयात, वकिलांपुढे बोलले. लोकशाही यशस्वीपणे चालण्यासाठी कोणत्या गोष्टी आधी हव्यात, हा त्यांचा विषय. समाजात भयंकर विषमता नसावी ही पहिली अट त्यांनी सांगितली आणि तिच्या पाठोपाठ दुसरी सांगितली ती विरोधी पक्षाच्या अस्तित्वाची. राजाला किंवा हुकूमशहाला कुणी नकार देऊ शकत नाही. लोकशाहीत सत्ताधाऱ्याला पाच वर्षांनी जनता नकार देते, पण तेवढे पुरत नाही, रोजच्या रोज सभागृहात त्याला नकार देणारा कुणीतरी समोर बसलेला हवा, असे त्यांचे प्रतिपादन होते. इंग्लंडमध्ये विरोधी पक्षनेत्याला सरकारी तिजोरीतून पगार मिळतो, हेही त्यांनी श्रोत्यांच्या ध्यानी आणून दिले. तिथे तो कायदा १९३७ साली झाला. ज्या साम्राज्याने आपल्याला तुरुंगात टाकले, त्याच साम्राज्याच्या घरात राजाला विरोध करणाऱ्याला राजाच्याच पैशाने पोसण्याची रीत होती. आपणही ती उचलली: संसदेसाठी १९७७ साली आणि महाराष्ट्रात १९७८ साली असे कायदे झाले. कागदावर आपण इंग्लंडच्या बरोबरीने आहोत.

आता विधानसभेकडे वळू. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत २८८ पैकी २३० जागा महायुतीच्या तीन मोठ्या पक्षांनी घेतल्या. विरोधात सर्वांत मोठा पक्ष उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेचा, २० आमदारांचा. काँग्रेसचे १६, शरद पवारांच्या पक्षाचे १०. मार्च २०२५ मध्ये ठाकरे गटाने भास्कर जाधव यांचे नाव विरोधी पक्षनेतेपदासाठी अध्यक्षांकडे दिले. निर्णय झाला नाही. ऑगस्टमध्ये विधान परिषदेतल्या विरोधी पक्षनेत्यांची मुदत संपली, आणि डिसेंबर २०२५ चे नागपूर अधिवेशन दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेता नसताना पार पडले. कारण विचारले की एक दशांशाचा दाखला दिला जातो: २८८ चा दहावा हिस्सा म्हणजे २९, तेवढे आमदार कुणाकडेच नाहीत, मग पद कसे द्यायचे?

हा दाखला महाराष्ट्राच्या इतिहासापुढे टिकत नाही. १९७२ च्या निवडणुकीत २७० जणांच्या सभागृहात काँग्रेसचे २२२ आमदार आले आणि शेतकरी कामगार पक्षाचे अवघे ७. तरी त्या पक्षाचे दि. बा. पाटील विरोधी पक्षनेते झाले. होय, तेच दि. बा., ज्यांच्या नावासाठी नवी मुंबईच्या विमानतळावर एवढे आंदोलन झाले. त्यांच्याआधी दहा वर्षे कृष्णराव धुळूप त्या पदावर होते, त्यांच्या पक्षाचे बळही विशीच्या आतच. १९८६ च्या डिसेंबरात शरद पवार आपल्या पक्षासह काँग्रेसमध्ये परतले आणि विरोधी बाकांचा मोठा हिस्सा एका दिवसात रिता झाला. तेव्हा जनता पक्षाचे निहाल अहमद, मग शेकापचे दत्ता पाटील, मग जनता पक्षाच्या मृणाल गोरे अशांनी ते पद सांभाळले. १९८५ च्या निवडणुकीत जनता पक्षाचे आमदार आले होते २०. हो, बरोबर वीसच! तेव्हाच्या काँग्रेसवाल्यांना वीस आमदारांच्या पक्षाचा नेता चालला, कारण समोर कुणीतरी असावे एवढी लाज सत्तेत शिल्लक होती. दिल्लीत तर २०१५ साली ७० जणांच्या विधानसभेत भाजपचे केवळ ३ आमदार आले असता आम आदमी पक्षाच्या अध्यक्षांनी विजेंदर गुप्ता यांना विरोधी पक्षनेता म्हणून मान्यता दिली. ज्यांना तीनावर मान्यता मिळाली त्यांनी विसाला ती नाकारावी, यातला न्याय मला तरी उमगत नाही.

कुणी म्हणेल, एका पदाचे एवढे काय? मोटार, बंगला, लाल दिवा गेला तर जाऊ दे. पण विरोधी पक्षनेता उभा राहिला की अध्यक्षांना त्याला बोलू द्यावे लागते, कचेरी आणि कर्मचारी मिळाल्याने तो कागदपत्रे मिळवू शकतो, आणि दूर गडचिरोलीत किंवा चाकणच्या एखाद्या शेडमध्ये अन्याय झाला तर तो तिथे पोचतो तेव्हा जिल्हाधिकाऱ्याला उठून उभे राहावे लागते. सात आमदारांच्या त्या १९७२ च्या विरोधी पक्षाने काय केले? त्याच वर्षी महाराष्ट्रावर शतकातला भीषण दुष्काळ कोसळला. शेकाप, समाजवादी, कम्युनिस्ट या मूठभरांनी सभागृहात आणि सभागृहाबाहेर काम आणि अन्न यांसाठी मोर्चे काढून सरकारला स्वस्थ झोपू दिले नाही. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या मागे बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. रोजगार हमीची कल्पना काँग्रेसच्या वि. स. पागे यांची, हे श्रेय त्यांचेच. परंतु ती योजना जोर धरून १९७७ साली कायदा झाली त्यामागे विरोधकांचा हा रेटा होता. तीस वर्षांनी देशाने तिचे अनुकरण केले. तसेच १९८२ चे. मुख्यमंत्री अंतुले यांना सिमेंटच्या प्रकरणात जावे लागले, ते न्यायालयाच्या निकालाने. पण न्यायालयाची पायरी चढले होते प. बा. सामंत यांच्यासारखे विरोधी पक्षांचे लोक, आणि फौजदारी फिर्याद लावली भाजपच्या रामदास नायक यांनी. त्या सभागृहातही काँग्रेसचे बहुमत प्रचंडच होते. विरोधक थोडे असणे हे दुखणे आपल्याकडे जुनेच आहे. नवे दुखणे आहे ते विरोधक विकाऊ असण्याचे.

त्याची हद्द पाहायची तर विरोधी पक्षनेत्यांचीच यादी पुरे. २०१४ साली एकनाथ शिंदे विरोधी पक्षनेते झाले आणि महिन्याभरात त्यांचा पक्ष सरकारात गेला, ते मंत्री झाले. त्यांच्या जागी आलेले काँग्रेसचे राधाकृष्ण विखे पाटील २०१९ च्या जूनमध्ये भाजपच्या सरकारात मंत्री झाले. २०२२ साली अजित पवार विरोधी पक्षनेते झाले आणि २ जुलै २०२३ रोजी, अधिवेशन तोंडावर असताना, उपमुख्यमंत्री झाले. नऊ वर्षांत तीन विरोधी पक्षनेते त्याच सरकारात जाऊन बसले ज्याच्याविरुद्ध बोलण्यासाठी त्यांना पगार मिळत होता. पहारेकरीच चोराच्या गाडीत बसून निघून गेला असे म्हणावे, तर इथे तो दिवसाढवळ्या, राजभवनात, शपथ घेऊन गेला.

आणि गोवा? तिथली गोष्ट आपल्या वाचकांना अधिक लागेल. २०१९ च्या जुलैत काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदारांनी भाजपची वाट धरली. त्यांचे पुढारी चंद्रकांत कवळेकर हे त्या दिवसापर्यंत विरोधी पक्षनेते होते, तीन दिवसांत उपमुख्यमंत्री झाले. म्हणून २०२२ च्या निवडणुकीत काँग्रेसने आपल्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीपुढे, बांबोळीच्या क्रुसापुढे आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन शपथ वाहायला लावली, की आम्ही पक्ष सोडणार नाही. सप्टेंबरात ११ पैकी ८ गेले, मायकल लोबो यांच्यासह. त्यांत आपल्या श्रद्धेची माणसेही होती. बांबोळीचा क्रूस हा रस्त्याने जाणारा प्रत्येक गोंयकार, मग तो कोणत्याही धर्माचा असो, ज्याच्यापुढे क्षणभर थांबतो असा क्रूस. त्याच्यासमोर दिलेला शब्द सात महिने टिकला. यावर आपल्या समाजातून निषेधाचे चार शब्द आले, फार नाहीत. पुष्कळांनी हिशेब तोच मांडला: सत्तेत गेले तर कामे होतील.

याचा अर्थ विरोधक तेवढे साधुसंत, असे मी म्हणत नाही. आजच्या विरोधी पक्षांनी आपल्या दुबळेपणाची निम्मी सामग्री स्वतः जमवली आहे. ते सत्तेत असताना, जुलै २०२१ मध्ये, भाजपच्या १२ आमदारांना त्यांनी एका झटक्यात वर्षभरासाठी निलंबित केले. सर्वोच्च न्यायालयाला जानेवारी २०२२ मध्ये तो ठराव रद्द करावा लागला. दिल्लीत डिसेंबर २०२३ मध्ये १४६ खासदारांना बाहेर काढून त्या रिकाम्या सभागृहात फौजदारी कायदे मंजूर झाले तेव्हा त्यांनी आक्रोश केला, आणि तो योग्यच होता. पण मुंबईतल्या त्या बारांची आठवण त्यांना कुणी द्यायची? बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा २०१९ साली आणखी कडक झाला, तेव्हा राज्यसभेत काँग्रेसने बाजूने मतदान केले. त्याच कायद्याखाली ८४ वर्षांचे येशूसंघीय फादर स्टॅन स्वामी ऑक्टोबर २०२० पासून कैदेत होते आणि ५ जुलै २०२१ रोजी मुंबईच्या होली फॅमिली इस्पितळात, जामिनाची वाट पाहत, गेले. आपण मेणबत्त्या लावल्या. कायदा मंजूर होत असताना जे हात वर झाले ते कुणाचे, हे किती जणांनी पाहिले?

हे सगळे घडून गेल्यावरही जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक विधानसभेत आले, तेव्हा आवाजी मतदानाने ते पार झाले आणि ठाम विरोध नोंदवणारा आमदार सभागृहात एकच निघाला, डहाणूचे मार्क्सवादी कम्युनिस्ट विनोद निकोले. बाकीचे संयुक्त समितीत बसून आले होते, तिथे काही दुरुस्त्या मिळाल्या होत्या, आणि त्यावर समाधान मानून गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी परिषदेत सभात्याग झाला. सभात्याग म्हणजे काय, तर ज्या जागी उभे राहून नाही म्हणायचे त्याच जागेवरून उठून जाणे. वीस काय, पन्नास आमदार असते तरी अशा विरोधकांनी काय दिवे लावले असते?

शहरातल्या शास्तीकराचेही तेच. अनधिकृत घरांवरच्या दुप्पट दंडाने आपल्यातली कितीतरी कामगार कुटुंबे पिचली. विरोधात असताना प्रत्येक पक्षाने तो रद्द करण्याची शपथ घेतली, २०१४ साली मते त्यावर मागितली गेली, आणि पूर्ण माफीचा निर्णय निघाला २०२३ साली. मधल्या नऊ वर्षांत सत्तेची चव सगळ्यांनीच घेऊन झाली होती.

कारखान्यात आयुष्य काढलेल्या वाचकांना याहून वेगळे समजावण्याची गरज नाही. १९८८-८९ साली टेल्कोत राजन नायर यांच्या संघटनेचा संघर्ष झाला, सप्टेंबर १९८९ मध्ये शनिवारवाड्यासमोर उपोषण झाले, ते मोडून निघाले. नायर यांच्या मार्गाबद्दल तेव्हाही मतभेद होते, आजही आहेत. पण मालकाशी सामोपचाराने वागणारी संघटना आणि त्याच्या खिशातली संघटना यांतला फरक त्या काळात पिंपरीतले शाळकरी पोरही सांगत असे. २०१३ साली चाकणला बजाजच्या कामगारांनी पन्नास दिवस काम बंद ठेवले. तिथून पुढे आजूबाजूच्या शेडमधून कंत्राटी पोरांची भरती एवढी वाढली की संघटना करायला कायम कामगारच उरेनात. जिथे नाही म्हणणारा कुणी नाही तिथे वेतनकराराच्या टेबलावर एकच खुर्ची लागते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांनीच नगरसेवक निवडताना सत्तेतला माणूस शोधावा, याचे मला नवल वाटते.

आपल्या ख्रिस्तमंडळाला ही गोष्ट परकी नाही. दावीद राजा प्रभूचा अभिषिक्त होता, तरी त्याच्या दरबारात नाथान संदेष्टा उभा राहिला आणि त्याने गरीब माणसाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगून राजाचे पाप राजाच्याच तोंडून वदवले. दाविदाने त्याला निलंबित केले नाही. पुढे १५८७ साली पोप पाचवे सिक्स्टस यांच्या काळात संतपदाच्या चौकशीत एक अधिकारीच नेमला गेला, ज्याचे काम उमेदवाराविरुद्ध बोलण्याचे. लोकांनी त्याला सैतानाचा वकील असे नाव ठेवले. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया १८६२ साली वेदीवर आले तेही अशा वकिलाच्या उलटतपासणीतून पार होऊन. १९८३ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी ही पद्धत सौम्य केली. तरी मदर तेरेसांच्या चौकशीत त्यांचे कडवे टीकाकार ख्रिस्तोफर हिचन्स यांना बोलावून त्यांचे म्हणणे नोंदवले गेले. ज्या मंडळाला पवित्र आत्म्याच्या मार्गदर्शनाची खात्री आहे, त्यालाही विरुद्ध बाजू ऐकावीशी वाटली. मग कालपरवा पक्ष बदलून आलेल्या मंत्र्याला ती का नको? याच पोपमहाशयांनी १९९१ च्या आपल्या परिपत्रकात लोकशाहीचे मोल सांगताना राज्यकर्त्यांना जाब विचारण्याची आणि शांततेने बदलण्याची नागरिकांची शक्ती हाच तिचा गाभा मानला आहे. बदलायचे तर बदली माणूस शिल्लक हवा.

आणि तरीही आपली रीत काय? नाताळचे स्नेहसंमेलन असो, चर्चचा रौप्यमहोत्सव असो, शाल-श्रीफळ ज्याच्या हाती सत्ता त्याला. निवेदन घेऊन शिष्टमंडळ जाते ते सत्तेच्या दारी, फोटो निघतो, तो सूचनाफलकावर लागतो. मी स्वतः अशा दोन शिष्टमंडळांत गेलो आहे. चहा उत्तम होता. हरलेल्या उमेदवाराला, विरोधी नगरसेवकाला, आपण कधी बोलावले आहे? अल्पसंख्य समाजाने सत्तेशी जमवून घेतलेले बरे, असे शहाणपण वडीलधारे सांगतात. त्यामागची भीती मी समजू शकतो. परंतु बहुसंख्येच्या जोरावर जेव्हा एखादा कायदा येतो, तेव्हा अल्पसंख्याचा खरा आधार मंत्र्याची मर्जी नसून विरोधी बाकावरून विचारला जाणारा प्रश्न असतो, आणि तो बाक आपणच आपल्या मतांनी रिकामा केलेला असतो.

काही गोष्टी कायद्याने व्हायला हव्यात. सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाचा नेता हाच विरोधी पक्षनेता, मग त्याचे सात असोत की सत्तर, असे कायद्यात लिहावे आणि अध्यक्षांच्या मर्जीचा त्यातला भाग काढून टाकावा. पक्षांतरबंदी १९८५ साली आली, २००३ साली एक तृतीयांशाची पळवाट बुजवली, पण दोन तृतीयांशाचे विलीनीकरण राहिले. घाऊक विक्रीला मुभा, किरकोळीला बंदी! ज्याला पक्ष सोडायचा त्याने राजीनामा देऊन पुन्हा मतदारापुढे यावे. तंटा अध्यक्षाकडे नको, कारण तो सत्ताधारी पक्षाचाच असतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये मणिपूरच्या प्रकरणात स्वतंत्र न्यायाधिकरणाचा विचार करा असे संसदेला सुचवले होते. मे २०२३ मध्ये शिवसेनेच्या प्रकरणात मात्र निर्णय अध्यक्षांकडेच गेला, आणि १० जानेवारी २०२४ रोजी दोन्ही गटांतला एकही आमदार अपात्र नाही असा निकाल आला. एक पक्ष उभा चिरला गेला आणि पक्षांतर कुणीच केले नाही!

नगरसेवकांसाठी महाराष्ट्रात १९८६ पासून अनर्हतेचा वेगळा कायदा आहे. पण निवडणुकीच्या तोंडावर उडी मारून नव्या चिन्हावर उभे राहणाऱ्याला तो हात लावू शकत नाही. २०१७ च्या वेळी आपल्या शहरात झाले ते नेमके हेच. तिथे फक्त मतदारच काही करू शकतो. गेल्या खेपेला हा कोणत्या चिन्हावर होता, मध्ये चिन्ह का बदलले, एवढा एक प्रश्न दारात आलेल्या उमेदवाराला विचारायला पैसे पडत नाहीत.

पालिकेचे अंदाजपत्रक दर वर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास मांडले जाते आणि त्याची प्रत कुणालाही पाहता येते. आपल्या पट्ट्यातल्या प्रत्येक चर्चमध्ये दोनचार निवृत्त हिशेबनीस, एखादा वकील, एखादा बांधकामाचा अभियंता सहज निघेल. त्यांनी आपल्या प्रभागापुरती पाने वाचावीत: पाणी, रस्ते, शाळा, स्मशान नि दफनभूमी यांसाठी किती धरले आणि गेल्या वर्षी त्यातले किती खर्च झाले. पडलेल्या प्रश्नांचा कागद विरोधी बाकावरच्या नगरसेवकाच्या हाती द्यावा, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, आणि महिन्याने त्याला पॅरिशच्या सभागृहात बोलावून उत्तर काय मिळाले ते सर्वांसमोर सांगायला लावावे.